मृगाच्या आत

पहिलं झाड मी रोपवाटिकेतून विकत आणलं आणि पहिल्याच पावसाळ्यात घालवलं. फांदीला जांभळ्या, टपोऱ्या अंजिराचा रंगीत फोटो बांधला होता आणि खाली लिहिलं होतं, 'इस्रायली, बारमाही'. बारमाही म्हटल्यावर तरी मला संशय यायला हवा होता, कारण मुंबईत बारमाही असतो तो फक्त घाम. जुलैपर्यंत पानं हिरवीगार, तळहाताएवढी होती. ऑगस्टमध्ये पानांच्या पाठीवर तपकिरी पुळ्या आल्या, बोट फिरवलं की हळदीसारखी पूड बोटाला लागायची. गणपती आले तेव्हा कुंडीत नुसती काठी उभी होती. उपटून बघितलं तर मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा रोपवाटिकेतून आला तसाच घट्ट होता, आतून काळा पडलेला आणि कुबट. मी त्या गोळ्यासकट लावलं होतं. मुळं मोकळी करायची असतात हे ज्याने विकलं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझी मावसबहीण, ताई, तीस वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिच्याकडे अंजीर आहे हे मला माहीत होतं, पण तिकडच्या त्या थंडीत ते फळतं यावर माझा कधी विश्वास बसला नव्हता. तिने फोन घेऊन बागेत नेलं आणि दाखवलं. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत, तिला टेकून कुंडी, कुंडीत 'ब्राऊन टर्की'. दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी उरलेली ऊब झाडाला देते, म्हणून ती जागा. कुंडी मुद्दाम लहान ठेवलेली, कारण मुळांना ऐसपैस जागा मिळाली तर झाड पानांतच रमतं आणि फळांचं नाव काढत नाही. जमिनीत लावणारे लोकसुद्धा तिथे फरशा उभ्या गाडून खड्ड्याची पेटी करतात म्हणे.

मग तिने मला तिकडची खरी मेख सांगितली. अंजिराला वर्षात दोन वेळा फळ धरतं. एक जुन्या फांदीवर, गेल्या वर्षीच्या शेंड्यांना. दुसरं त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर. इंग्लंडमध्ये नव्या फुटव्यावरचं फळ पिकायच्या आत थंडी येते, ते बिचारं हिरवंच राहून गळतं. म्हणून तिथे भिस्त सगळी शेंड्यांवरच्या वाटाण्याएवढ्या कळ्यांवर. नोव्हेंबरमध्ये ताई वाटाण्याहून मोठी झालेली सगळी फळं तोडून टाकते, बारीक तेवढी ठेवते, झाडाला पांढरं कापड गुंडाळते, आणि ती बारीक फळं हिवाळा काढून पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. लवकर पिकणाऱ्या जातींवर तिथले लोक एवढा जीव का टाकतात ते मला त्या दिवशी कळलं. चव वगैरे नंतर. आधी दहिवराच्या आत पिकलं पाहिजे.

"छाटणी कधी करतेस?" मी विचारलं.

"थंडी सरली की. तीही हलकी. शेंडे राखून."

हे वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. पुढची तीन वर्षं माझी त्या वाक्याने खाल्ली.

दुसरं झाड मी विकत घ्यायचं नाही असं ठरवलं. माझं सासर सासवडकडचं. दिवे घाट चढून वर गेलं की रस्त्याच्या कडेला करंड्या घेऊन बायका बसलेल्या असतात, तोच हा भाग. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात त्याचं कौतुक त्याच्या आधीपासूनचं. चुलत सासरे, आबा, यांची पाऊण एकर बाग आहे. २०२२ च्या जानेवारीत गेलो तेव्हा त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या कापून दिल्या, वीतभर लांबीच्या, प्रत्येकीवर चार-पाच डोळे. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या मांडीवर घेऊन मी एसटीने मुंबईला आले. चीक हाताला लागला होता, तो तसाच पुसून खिडकीशी उन्हात बसले. दुसऱ्या दिवशी मनगटावर लाल चट्टा, आणि त्याचा काळा डाग दोन महिने टिकला. अंजिराचा चीक आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते. आता मी हातमोज्यांशिवाय झाडाला हात लावत नाही.

सहाही काड्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या, बुडाला भोकं पाडून, निम्मी वाळू निम्मं कोकोपीट. पंधरा दिवसांत चार काड्यांना पानं फुटली. मी आनंदाने घरभर सांगत सुटले. इथे एक फसवणूक असते आणि ती झाड करतं: काडीत साठवलेल्या अन्नावर पानं आधी फुटतात, मुळांचा पत्ता नसतो. मला राहवेना, म्हणून एक काडी हलकेच उपटून बघितली. बुडाशी नुसते पांढरे दाणे. परत खोचली, मेली. चार दिवसांनी दुसरी बघितली, तिला दोन मुळं होती, ती तुटली. आमच्या यजमानांनी तेव्हा पिशव्या माझ्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी, कपाटावरच्या खिडकीत नेऊन ठेवल्या. एप्रिलमध्ये पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर दिसली तेव्हा दोन काड्या जिवंत होत्या. एक नणंदेला दिली. एक माझी.

गच्चीचं प्रकरण वेगळंच. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत सकाळी दीड तास ऊन येतं, तेवढ्यावर अंजीर फळत नाही. त्याला सहा-सात तास लागतात. गच्चीवर कुंड्या ठेवायच्या नाहीत, स्लॅब गळतो, अशी सोसायटीची नोटीस जिन्यात लावलेली आहे, आणि खरं सांगायचं तर स्लॅब कुंड्यांशिवायही गळतोच. सेक्रेटरींशी बोलणी होऊन तडजोड निघाली: एकच कुंडी, विटांवर उचललेली, खालून झाडू फिरला पाहिजे, आणि पावसाळ्यात गळती झाली तर पहिला संशय माझ्यावर. निळं पिंप अर्धं कापलं, बुडाला दहा भोकं पाडली. तळाशी विटांचे तुकडे, वर लाल माती, कोकोपीट, गांडूळखत सारख्या मापाने, दोन मुठी निंबोळी पेंड. माती मुठीत दाबून सोडली की भुगा व्हायला हवी, लाडू वळला तर कोकोपीट वाढवा, असं आबांनी फोनवर सांगितलं होतं.

तांबेऱ्याची भीती पहिल्या झाडापासून मनात बसलेली. त्या तपकिरी पुळ्यांना शेतकरी तांबेरा म्हणतात; ती बुरशी आहे आणि दमट हवा तिचं माहेर. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुरंदर म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख, तिथे याच्या चौथ्या हिश्श्याची बात. तेव्हा सासवडला बरं चाललेलं झाड आमच्या मुलुंडला बरं चालेल ही आशाच खुळी. उपाय जुना: बोर्डो मिश्रण. एक लिटरला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, मग एकत्र ओतायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. त्यात घासलेली लोखंडी सुरी बुडवून बघायची; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. निळंशार झालेलं ते पाणी त्याच दिवशी फवारायचं, शिळं चालत नाही. पावसाने उघडीप दिली की मी छत्री बाजूला ठेवून पानांच्या पाठीवर फवारायचे. पानं वाचली. गच्चीच्या पांढऱ्या फरशीवर मात्र निळा डाग पडला, तो अजून आहे, आणि तो कशाचा हे मी सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही.

तर छाटणी. 'थंडी सरली की'. मुंबईत थंडी कधी सरते? आली असेल तर संक्रांतीनंतर. तिळगूळ वाटून झाला की मी सिकेटर घेऊन गच्चीवर जायचे आणि ताईच्या सांगण्यावरून शेंडे राखून, दोन-चार वेड्यावाकड्या फांद्या तेवढ्या कापायचे. २०२३ मध्ये काही धरलं नाही, झाड लहान होतं. २०२४ मध्ये सात फळं धरली. पहिलं मी घाईने तोडलं. रंग चढला होता, पिळून बघितलं तर जरा मऊ. खाल्लं तर उकडलेला दुधी. अंजीर झाडावरून काढल्यावर पुढे पिकत नाही, आंब्यासारखी त्याला अढी घालता येत नाही. झाडावर त्याने मान टाकली पाहिजे. देठाशी वाकून ते खाली लोंबायला लागतं, सालीवर बारीक चिरा पडतात, बुडाच्या छिद्राशी मधासारखा थेंब येतो. एरवी मान टाकणं म्हणजे संपणं, इथे म्हणजे तयार होणं. असं एकच मिळालं. बाकीची पाच पावसात फुगली, फाटली, आंबली. त्यांच्यावर चिलटं बसली आणि मी ती नाक दाबून केराच्या डब्यात टाकली.

म्हटलं, पहिलंच वर्ष आहे. पुढच्या वर्षी खत वाढवलं.

२०२५ च्या मे महिन्यात झाडावर एकोणीस फळं होती. मी रोज मोजायचे. तांबट आणि बुलबुल यांच्यापासून वाचवायला हळदीकुंकवाला वाण घालून देतात त्या जाळीच्या पिशव्या प्रत्येक फळाला बांधल्या होत्या. लग्नाला आलेल्या वऱ्हाडासारखं झाड दिसायचं, सोनेरी, गुलाबी, जरीच्या काठाचं. दिवसा पक्षी आणि रात्री वटवाघळं, हा सामना पिशव्यांनी जिंकला. दिवसातून दोनदा पाणी, कारण पिंप एकदा जरी वाळलं तरी फळं गळतात. फळं फुगत होती, हिरव्यावर किंचित तांबूस झाक आली होती. माझा हिशेब सोपा होता: मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून, मृग लागतो ७ जूनला. म्हणजे तीन आठवडे हातात.

२६ मेला हवामान खात्याने मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. त्या दिवशी वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं, टीव्हीवर सगळे तेच दाखवत होते. मी गच्चीवर होते. पिंप ओढून जिन्याच्या छपराखाली घ्यायला गेले, तर ओल्या मातीसकट ते माझ्याच्याने हलेना. वॉचमनला हाक मारून दोघांनी सरकवलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठवडाभरात एकोणीसच्या एकोणीस फळं फाटली. तहानलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं की गर फुगतो आणि साल मागे राहते. जाळीच्या पिशव्यांतून आंबूस पाणी ठिबकत होतं.

मी आबांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "छाटणी कवा केली?"

"संक्रांतीनंतर."

"कुणी सांगितलं?"

मी ताईचं नाव सांगितलं, ती इंग्लंडला असते तेही सांगितलं. पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाले, "त्यांच्याकडं बर्फ पडतो, सूनबाई. त्या बर्फातनं उठत्यात. आपल्याला पावसाच्या आत निजायचंय. फळ धरल्यावर चार-साडेचार महिनं लागतात त्याला. आता तूच मागं मोजत जा."

मी कॅलेंडर काढून मागे मोजलं. जानेवारीअखेर छाटणी, फेब्रुवारीत फुटवा, मार्चमध्ये फळ दिसतं, त्यात चार-साडेचार महिने मिळवले की थेट जुलै. लवकर धरलेली तेवढी मेअखेर तयार होणार, तीही नशीब असेल तर. मी मान्सूनला दोष देत होते. तो वेळेवर आला असता तरी एकोणिसातली पाच-सहाच हाती लागली असती.

ताईचं सांगणं तिच्या अंगणापुरतं शंभर टक्के खरं होतं. तिला शेंडे राखायचे, कारण तिचं फळ जुन्या शेंड्यांवर. माझं फळ नव्या फुटव्यावर यायचं, आणि नवा फुटवा हवा तर कापायलाच हवं. आमच्याकडे दोन बहार म्हणतात, खट्टा आणि मीठा. पावसाळी तो खट्टा, पाणचट. हिवाळ्यात वाढून उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरतो तो मीठा. मी नकळत तिसराच बहार धरत होते, ज्याला कुणी नाव ठेवायचीसुद्धा तसदी घेतलेली नाही.

मग सगळं आबांच्या पंचांगाने. अनंत चतुर्दशीला पिंप जिन्याच्या छपराखाली नेलं (या वेळी माती कोरडी असताना, आणि खाली चाकांची पाटी लावून) आणि पाणी जवळजवळ बंद केलं. याला ताण देणं म्हणतात. थंड देशात ही झोप हिवाळा देतो, इथे ती आपण तहानेने द्यायची. पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा मला फार वाईट वाटत होतं, दोनदा तांब्या भरून वरपर्यंत गेले आणि परत आले. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, सोनं वाटून झाल्यावर छाटणी केली. प्रत्येक फांदीवर तीन-चार डोळे ठेवून बाकी सगळं उडवलं. झाड हातभर उरलं. कापलेल्या टोकांना बोर्डोची दाट पेस्ट लावली, पिंप उन्हात आणलं, वरची चार बोटं माती काढून गांडूळखत भरलं आणि पोटभर पाणी दिलं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आपण हैराण होतो, झाड खूश होतं. दहा दिवसांत डोळे फुगले. दिवाळी होऊन तीन आठवडे झाल्यावर प्रत्येक नव्या पानाच्या बगलेत हिरवा मणी दिसू लागला. फूल कधी येतं असं शेजारच्या काकींनी विचारलं, तेव्हा मला सांगता येईना. उंबराच्या फुलासारखंच हे, दिसत नाही, कारण फळ म्हणतो ती पिशवी आणि फुलं तिच्या आत. उंबराला लागते तशी चिलटाएवढी गांधीलमाशी अंजिराच्या काही जातींनाही लागते, पण आपल्या पुण्याच्या जातीला लागत नाही, परागीकरणावाचून फळ धरतं. काकी जैन आहेत. त्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तरी आमच्यात उंबर-वड-पिंपळाच्या कुळातलं चालत नाही. तुम्ही खा, मी बघते." आणि खरंच रोज बघायला यायच्या. पिठ्या ढेकूण पहिल्यांदा त्यांनाच दिसला, शेंड्याला कापूस लागलाय म्हणून. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने मी तो तीन दिवस घासून काढला.

जानेवारीत मला शांतपणा नव्हता. संक्रांतीला हात सवयीने सिकेटरकडे जात होता. झाडावर तेव्हा लिंबाएवढी सव्वीस फळं होती आणि ती जागची हलत नव्हती. अंजीर मध्ये महिनाभर असं थांबतं, बाहेरून काही घडत नाही. ताई म्हणाली, पिकायच्या बेतात असलेल्या फळाच्या बुडाला खाद्यतेलाचा एक थेंब लाव, लवकर पिकतं. ही युक्ती भूमध्य समुद्राकडच्या शेतकऱ्यांची, फार जुनी. मी फेब्रुवारीच्या मध्याला चार फळांना लावून बघितला, शेंगदाण्याचं तेल. ती बाकीच्यांच्या आठवडाभर आधी मऊ झाली. पण आकाराने लहान राहिली, आणि मला ती चवीलाही जरा कमी वाटली. घाई नसेल तर करू नये.

होळीच्या आठवड्यात पहिल्याने स्वतःहून मान टाकली. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, पिशवी सोडली. बोट लावल्यावर देठ आपोआप सुटला. गच्चीवरच उभ्याने दोन भाग केले, आतून गुलाबी, दाणेदार. यजमान शुगरमुळे एक घास म्हणाले आणि अर्धं खाल्लं. पुढचे अडीच-तीन आठवडे रोज एखादं. पहिली पाच फळं आबांना पाठवायची ठरवली होती, पण पिकलेलं अंजीर एका दिवसापलीकडे टिकत नाही आणि सासवडला अंजीर पाठवणं म्हणजे काय ते मला उशिरा सुचलं. फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बारकी हायेत. पुढल्या साली पेंड वाढव."

गुढीपाडव्याला सेक्रेटरींना दोन दिली. त्यांनी खाल्ली, हात पुसले, आणि निळ्या डागाकडे बघत विचारलं, "छाटणीच्या काड्या टाकता का तुम्ही?"

त्याच आठवड्यात रविवारी ताईने फोनवर तिचं झाड दाखवलं. पांढरं कापड अजून काढलेलं नव्हतं, तिने कोपरा उचलून आत कॅमेरा नेला. उघड्याबोडक्या फांद्यांच्या शेंड्यांना वाटाण्याएवढी अकरा फळं, हिवाळा काढलेली. तिची गणपतीच्या सुमाराला पिकतील. मी तिला गच्चीवर माझ्या पिंपाशी नेलं. वरच्या फांदीवर शेवटची तीन, जरीच्या पिशव्यांत.

"छाटलंस कधी?" तिने विचारलं.

"दसऱ्याला."

"शेंडे?"

"एक नाही ठेवला."

ती हसायला लागली, आणि मग तिकडे वारा सुटला म्हणून कापड परत बांधायला गेली.